इंजिनाच्या तोंडावरचा हात

माझा पोरगा इवानो शर्यतीत हळू होता असं कुणी म्हटलं ना, तर हातातली कॉफी म्हणणाऱ्याच्या तोंडावर ओतीन. आमच्या गेदी गावच्या बारमध्ये सगळ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून मी आत आलो की लोक मुकाट्यानं फुटबॉलवर बोलू लागतात.

मी गेर्वाझिओ. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करतोय. रविवारी आमच्याकडची अर्धी माणसं चर्चमध्ये असतात आणि अर्धी लोनातोच्या कार्टिंग ट्रॅकवर, बसक्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीला. माझी बायको मिरेला चर्चवाली. पोरगा आठ वर्षांचा झाला तेव्हा तो माझ्या वाटणीला आला.

बाकीचे बाप शर्यतीला चार-चार इंजिनं घेऊन यायचे. आमचं एकच, मीच घासूनपुसून उभं केलेलं. तेव्हाची ती इंजिनं मोठी नाजूक. सरळ रस्त्यावर जीव खाऊन धावली की तापून जाम व्हायची. त्यावर उपाय एकच. सरळ रस्ता संपायच्या जरा आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचा, उजवा हात मागं न्यायचा आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडावर तळवा धरायचा. हवा अडली की ते तेल-पेट्रोलचा एक घोट जास्त पितं आणि वाचतं. सगळीच पोरं करायची, पण अधूनमधून. मी इवानोला बजावलं होतं, प्रत्येक फेरीला, प्रत्येक सरळ रस्त्यावर, न चुकता.

बारा वर्षांचा असताना एकदा त्यानं ते केलं नाही. शेवटच्या फेरीत तो पहिला होता, त्याला जिंकायचं होतं. दोन वळणं राहिली आणि इंजिन गेलं. कार्ट ढकलत, रडत आला.

"पापा, मी जिंकतच होतो!"

"जिंकत होतास? दुसरं इंजिन काय तुझा मामा आणून देणार आहे, गाढवा?" आणि सगळ्यांदेखत मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो आवाज अख्ख्या ट्रॅकवर ऐकू गेला. मिरेला आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र मनात म्हटलं, बरं झालं, जन्माची अद्दल घडली.

घडलीच. त्यानंतर आमचं इंजिन कधी गेलं नाही. दुसऱ्यांची धडाधड जायची आणि इवानो शेवटपर्यंत पोहोचायचा. पंधराव्या वर्षी प्रांतात पहिला, पुढच्या वर्षी देशात तिसरा. मग कार्टनंतर छोट्या रेसिंग गाड्या आल्या. तिथंही तो गाडी धड घरी आणायचा. मी बारमध्ये छाती फुगवून सांगायचो, "इंजिन जपायला मी शिकवलंय त्याला, मी!"

विसाव्या वर्षी पार्माच्या एका रेसिंग संघानं त्याला मोंझाच्या ट्रॅकवर चाचणीसाठी बोलावलं. पगारी ड्रायव्हरची जागा होती, एकच. पोरं दोन, आमचा इवानो आणि योरिस नावाचा एक बेल्जियन. जाताना इवानो म्हणाला, "पापा, हे झालं तर झालं. नाहीतर उद्यापासून मी तुझ्याबरोबर ट्रॅक्टरखाली." मी त्याला म्हटलं, तोंड सांभाळ, अपशकुनी बोलू नकोस.

दुपारी त्यांचा इंजिनियर बोनफादीनी, भला माणूस, मला बाजूला घेऊन गेला. त्याच्यासमोरच्या पडद्यावर दोन रेघा होत्या, दोन पोरांनी ॲक्सिलरेटर किती दाबला त्याच्या.

"मिस्त्री, तुमचा पोरगा वळणात सोनं आहे हो. पण हे बघा. बेल्जियनची रेघ ब्रेक लागेपर्यंत सपाट जाते. तुमच्याची इथं जराशी खाली येते. प्रत्येक सरळ रस्त्याच्या शेवटी, प्रत्येक फेरीत. कॅमेऱ्यात दिसतं, त्याच वेळी त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर सैल पडतो. का हो असं?"

का, ते मला तिथंच कळलं. "मी बोलतो त्याच्याशी. सुधारेल."

"रेडिओवर तीनदा सांगितलं. म्हणतो, मी पाय उचलतच नाही. आणि खोटं बोलत नाहीये तो. त्याला कळतच नाही."

मी धावत गाडीपाशी गेलो. "इवानो, हे इंजिन आपलं नाही रे! फुटलं तर फुटू दे. फोड ते! ऐकतोयस ना, फोड!"

त्यानं हेल्मेटमधून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच वेड लागलंय. "पापा, पाय तळाला टेकलेला आहे. आईशपथ."

आणखी पाच फेऱ्या दिल्या त्यांनी. मी पडद्यासमोर उभा राहून हात जोडले, चर्चमध्ये कधी जोडले नव्हते तसे. पाचही फेऱ्यांत ती रेघ खाली आली. त्या पायाला माझी थप्पड आठवत होती आणि पोराला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्याच लेकराच्या पायावर मीच धोंडा घातला होता. जागा बेल्जियनला मिळाली.

परतताना व्हॅनमध्ये इवानोनं विचारलं, "त्यांची गाडीच वाईट होती का, पापा?"

"भंगार होती," मी म्हणालो.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. इवानोला खरं अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला माफ करून टाकेल, आणि ते मला सोसणार नाही.

काल आम्ही दोघं एका गिऱ्हाइकाचा पंप द्यायला मोंतिकियारीकडे निघालो होतो. इवानो व्हॅन चालवत होता, कालव्याकडेचा सरळ रस्ता होता. वळण जवळ आलं तसा त्यानं पाय जरासा उचलला. उजवा हात सुटून दोन सीटांच्या मधून मागं गेला आणि तिथल्या रिकाम्या हवेवर तळवा धरून क्षणभर थांबला. मग परत स्टिअरिंगवर आला.

"काय बघतोस, पापा?"

"काही नाही. रस्त्याकडे बघ."