सांडूचं पाणी

निजामाच्या मुलखातलं फसली सन तेराशे अडतीस. चैत्र सरत आलेला, विहिरीला तळाचं पाणी. त्या दिवशी सकाळी धावडा गावातल्या एका गोठ्यात मी जन्मलो. मी बैल बोलतोय. थोडंच बोलेन.

आदल्या दिवशी घरातला म्हातारा सांडू गेला होता. तापानं फणफणला होता. बाजेवरून त्यानं मुलाला, मल्हारीला, हाक मारली आणि पाणी मागितलं. मल्हारी विहिरीवर मोट हाकत होता. एवढा कांद्याचा वाफा भरू दे, म्हणाला. वाफा भरला. तो तांब्या घेऊन आला तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड उघडं होतं, पण गिळणारा कोणी नव्हता.

रिवाजाप्रमाणे त्या जागी दिवा लावला, ज्वारीचं पीठ पसरलं, वर टोपलं पालथं घातलं. मेलेला कोणत्या जन्माला गेला त्याचं पाऊल पिठावर उमटतं, असं ही माणसं मानतात. सकाळी भावकीतल्या भुजंगानं टोपलं उचललं. पिठावर दोन आखूड रेघा होत्या, शेजारी शेजारी.

"खूर हाये. बराबर खूर हाये," भुजंग म्हणाला.

तेवढ्यात मल्हारीची बायको साखराबाई गोठ्यातून आली. गाय व्याली, गोऱ्हा झाला, म्हणाली. सगळ्यांनी पुन्हा पिठाकडं पाहिलं. मग भुजंगच मल्हारीकडे न बघता बोलला, "पाण्याची वासना राह्यली. माणसाचा जीव पायरी उतरून खाली आला."

त्या रेघा उंदराच्या असतील, टोपल्याच्या काडीच्या असतील. मला सांडू आठवत नाही. आईचं आचळ आठवतं. त्याच्या आधी अंधार.

मल्हारीनं मला वेसण घातली नाही, मानेवर जू ठेवलं नाही. रोज दिवस मावळायला तो सांडूच्या तांब्यातलं पाणी पितळी परातीत ओतायचा आणि माझ्यापुढं धरायचा. "घे बा," म्हणायचा. बाप एकदा आपल्या हातून प्याला की त्याचा जीव पुन्हा वर चढेल, माणसात येईल, अशी त्याची समजूत.

मी तोंड लावलं नाही. राग नव्हता. कुंडीवर पाणी पिऊनच मी दावणीला यायचो, आणि तहान नसली की जनावर पीत नाही. चिंचेनं घासलेल्या पितळेचा वासही मला सोसत नसे. मल्हारी परात घेऊन माघारी जायचा. त्याची पाठ मी वर्षानुवर्षं पाहिली.

साखराबाई वैरण टाकताना बोलायची, "जित्ता व्हता तव्हा म्हाताऱ्याला कोरडी भाकर. आता सरकी खाऊन राह्यला. मरून सुधरला."

बारा वर्षांनी जनावरांत लाळीची साथ आली आणि मोटेच्या जोडीतला एक बैल मेला. कांदा सुकू लागला. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"बापाला जुंप की," भुजंग म्हणाला. "जित्तेपणी बी तोच ओढत व्हता."

"न्हाई," मल्हारी म्हणाला, आणि त्यानं स्वतःचा खांदा जुवाखाली दिला.

मी लिंबाखाली रवंथ करत उभा होतो. माणूस आणि बैल एका जुवात विहिरीच्या धावेवरून उतरत होते. कोण वरच्या पायरीवर, कोण खालच्या, मला उमगेना. माझा रवंथ थांबला. असं मला आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्याचा खांदा सोलवटतो आणि आपला हुळहुळतो, हे दगडाला होत नसावं, कडब्यालाही होत नसावं. मला झालं. ते चांगलं झालं की वाईट, अजून ठरवता येत नाही. त्यानंतर मला सुख लागलं नाही.

पाच वर्षं तो ओढत राहिला. मग छाती बसली, रक्त पडू लागलं. तेराशे पंचावन्नच्या वैशाखात त्याला उठता येईना. माझेही दात झिजले होते. त्यानंच मागितलं म्हणून भुजंगानं त्याची बाज गोठ्याच्या दाराशी आणली. सांडू मेला तीच बाज.

परात साखराबाईनं धरली. मल्हारीनं नुसता हात लावला. पाणी हिंदकळत होतं.

"बा," तो म्हणाला, "म्या बी तिकडंच येऊन राह्यलो. आता तरी घे."

साखराबाईनं या खेपेला टोमणा मारला नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "प्या, मामंजी," म्हणाली.

मी सांडू नव्हे. हे मला सांगता येत नव्हतं. येत असतं तरी सांगितलं नसतं. मी नुकताच कुंडीवरून आलो होतो, पोट भरलेलं होतं. परातीला चिंचेचा वास होता.

तहान नसताना मी तोंड घातलं. तळ दिसेपर्यंत प्यालो.

सांडूचं पाणी फिटलं.