बापदेवाच्या गाभाऱ्यातली सिगारची पेटी

साहेबांच्या सिगारींना पंचवीस डिग्रीच्या वर गरमी सोसत नाही. मला अडतीस सोसते, पण मला कोणी पेटीत ठेवत नाही.

हरिहरेश्वरच्या अलीकडे, दर्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर साहेबांचा बंगला आहे आणि मी तिथला केअरटेकर. मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको नलू राहतो. ती मासळी विकते. मी आधी बोटीवर खलाशी होतो, पण एका वादळात एवढा घाबरलो की बोट चालवणारा तांडेलच म्हणाला, अनंता, तू आता जमिनीवरचं काहीतरी बघ. तर मी हे बघितलं.

बंगल्यात एक छोटी खोली आहे, तिच्यात एसी बारा महिने चालू असतो. खोलीत माणूस राहत नाही. एक लाकडी पेटी राहते, तिच्यात सिगारी. पेटीच्या झाकणावर घड्याळासारखी तबकडी आहे, तिच्यात काटा. काटा हिरव्या पट्ट्यात असला तर सगळं ठीक. लाल पट्ट्यात गेला तर काय होतं, ते साहेबांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं.

"अनंता, या पानांत किड्यांची अंडी असू शकतात. आधीपासूनच. गार ठेवलं तर ती झोपून राहतात. गरम झालं की किडे बाहेर येतात आणि सिगारला भोकं पाडतात. मग मी काय करतो, ते दयारामला विचार."

दयाराम म्हणजे माझ्या आधीचा केअरटेकर. एका सिगारला एक भोक सापडलं आणि त्याच दुपारी दयारामची गादी रस्त्यावर आली. आता तो उरणला ट्रक चालवतो आणि बरा जाडजूड झालाय म्हणे. पण मला ट्रक येत नाही, आणि आम्हाला त्या दोन खोल्यांशिवाय दुसरा आसरा नाही. आमचं जुनं घर चक्रीवादळात गेलं. त्यामुळे मी त्या पेटीजवळ गेलो की कान लावून ऐकायचो, आत कोणी जागं झालंय का.

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी सकाळी आठला लाईट गेली. डीपी जळाला, असं वायरमन म्हणाला, आणि फोन बंद करून बसला. इन्व्हर्टरने दहापर्यंत दम काढला. साडेदहाला काटा हिरव्यातून सरकला. मी पेटीसमोर बसून वर्तमानपत्राने वारा घालत होतो. अकराला साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. तो रोजच येतो, काटा बघायला.

मी फोन उचलला आणि कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"अनंता, काही दिसत नाहीये."

"आवाज येत न्हाय साहेब."

"मी म्हणतोय दिसत नाहीये."

"हॅलो? हॅलो?" म्हणत मी फोन बंद केला. लगेच मेसेज आला. चार वाजता येतोय, बरोबर पाहुणे आहेत, पेटी व्हरांड्यात आणून ठेव.

नलू बाजारातून आली, डोक्यावर थर्माकोलचा खोका. मला बघून म्हणाली, "काय झालं? तोंड असं का केलंय, कोण गेलं का?"

"अजून न्हाय. चार वाजता जाणार."

मी तिला काटा दाखवला. ती म्हणाली, "एवढंच ना? माझ्याकडं बर्फ हाय की."

बांगडे बाजूला सारले, पेटी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली आणि बर्फात बसवली. दहा मिनिटांत काटा एवढा डावीकडे पळाला की पट्टाच संपला. वर पेटीला घाम फुटला. ओल लागली की बुरशी येते, हेही साहेबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी पेटी बाहेर ओढली आणि नलूच्या पदराने पुसली.

"माझा पदर का? तुमचं धोतर कुठं गेलं?" नलू म्हणाली.

मी पेटीचा वास घेतला. बांगडा. नक्की बांगडा.

"मला न्हाय येत वास," नलू म्हणाली. तिला वीस वर्षांत कधीच आला नाही.

तेवढ्यात काटा परत उजवीकडे निघाला. मी विचार केला, या अख्ख्या वाडीत गार काय आहे? आणि मला बापदेव आठवला.

बापदेव आमच्या वाडीची राखण करतो. त्याचं देऊळ बंगल्याच्या खालीच, झऱ्याला लागून, अर्धं जमिनीत. पाच पायऱ्या उतरून आत गेलं की जाड दगडी गाभारा, आणि भर मे महिन्यातसुद्धा अंगावर काटा येईल असा गारवा. बापदेवाला लोक नारळ देतात, कोंबडा देतात, आणि विडी तर रोजच. पेटवून पायाशी ठेवायची, देव ओढतो. गुणाजी गुरव सकाळीच तहसीलच्या कामाला म्हसळ्याला गेले होते, संध्याकाळच्या गाडीने यायचे. मी इकडे तिकडे बघितलं, वाकून आत शिरलो आणि पेटी देवाच्या डाव्या अंगाला कोनाड्यात ठेवली. बघता बघता काटा हिरव्यात येऊन असा उभा राहिला, जसा एसीतही कधी राहिला नव्हता. मी हात जोडून म्हटलं, बापदेवा, तीन तास सांभाळ.

तिथेच बसून राहायला हवं होतं. पण पंप बंद, आणि पाहुण्यांना संडासात पाणी लागतं. विहिरीचं पाणी ओढलं, चादरी बदलल्या, व्हरांडा झाडला. तीन वाजता पेटी आणायला गेलो तर देवळातून धूर येत होता.

विडीचा धूर मला कळतो. हा विडीचा नव्हता. जाडजूड, गोडसर, श्रीमंत धूर होता.

पायऱ्या उतरलो. पेटी देवाच्या पुढ्यात. झाकणावर हळद-कुंकू, त्यावर झेंडूचं फूल. बापदेवाच्या पायाशी एक सिगार जळत होती. बाजूला गुणाजीकाका मांडी घालून बसले होते.

"काका, तुम्ही म्हसळ्याला ना?"

"तहसीलात पण लाईट न्हाय. उद्या या म्हणाले. उद्या शनिवार, सुट्टी." काका पेटीकडे बघत म्हणाले, "कोणाचा मोठा नवस फिटलेला दिसतोय, अनंता. बापदेवाला एवढी जाड विडी माझ्या बापाच्या वक्ताला पण कोणी दिली न्हाय."

"काका, ती माझी हाय."

"तुझी होती."

"म्हणजे साहेबांची हाय. मी नुसती थंडाव्याला ठेवली होती."

"बापदेवाला तू फ्रीज समजलास?"

देवासमोर हो म्हणायची माझी छाती नव्हती.

"हात जोडलेस की न्हाय ठेवताना?"

"जोडले."

"मग झालं. हात जोडून देवापाशी ठेवलेलं देवाचं. परत न्यायचं तर कौल लावावा लागंल. देव हो म्हणाला तर ने, मी कोण अडवणार?"

आमच्याकडे कौल म्हणजे असं. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलपाकळी चिकटवायची आणि गावच्या माणसाने प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. काकांनी पाकळ्या लावल्या. मी विचारलं. दोन्ही पाकळ्या तिथेच. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. गाभाऱ्यात गारवा होता तरी माझ्या पाठीवरून पाण्याची धार चालली होती. पावणेचारला डावी पडली.

"न्हाय म्हणतोय," काका म्हणाले.

"निम्म्या तरी?"

"अनंता, बाजारात हायेस का?"

वर गाडीचा हॉर्न वाजला. मग साहेबांचा आवाज, मग नलूचा. ती त्यांना सांगत होती की मी देवळात गेलोय. एवढं खरं बोलायला तिला आजच सुचलं. दोन मिनिटांत साहेब पायऱ्या उतरून आले, मागे घामाने निथळणारे पाहुणे, त्यांच्या मागे नलू, खोक्याचं झाकण काखेत मारून.

"चपला," काका म्हणाले. साहेबांनी काढल्या.

मग त्यांनी पेटी बघितली. कुंकू बघितलं. फूल बघितलं. पायाशी जळणारी सिगार बघितली, आणि तिच्यावरच त्यांची नजर अडकली.

"अनंता. ही कोण ओढतंय?"

"बापदेव, साहेब."

आयुष्यात एवढ्या हळू आवाजात मी कधी बोललो नसेन. मग जे झालं होतं ते सगळं सांगितलं. डीपी, इन्व्हर्टर, बर्फ, झरा. अंगठासुद्धा सांगितला. साहेबांनी वाकून पेटीचा वास घेतला.

"याला बांगड्याचा वास का येतोय?"

"मला न्हाय येत," नलू म्हणाली.

साहेबांनी पेटीला हात लावायला बोटं पुढे केली, तसे गुणाजीकाका खाकरले. नुसतेच खाकरले, पण साहेबांचा हात मागे गेला. पाहुणे त्यांच्या कानाशी म्हणाले, "राहू दे यार, उगाच कशाला. देवाचं आहे." साहेब लाल झाले. देवावर काढता येत नाही म्हणून त्यांचा राग माझ्याकडे वळला.

"ठीक आहे. तुमचा देव सगळंच ठरवतो ना? मग विचारा त्याला. या माणसाला मी ठेवू का? नाही म्हणाला तर आज संध्याकाळच्या आत खोल्या रिकाम्या."

"असं विचारू का?" काका म्हणाले. "एकदा विचारलं की मागं घेता येत न्हाय."

"विचारा."

काकांनी दोन नव्या पाकळ्या लावल्या. प्रश्न साहेबांचा, पण गावचा माणूस मी, म्हणून विचारायचं मीच. मला ठेवायचं का, हे स्वतःच विचारायची पाळी दयारामवरही आली नव्हती. कसंबसं विचारलं आणि डाव्या पाकळीकडे बघत राहिलो. तिचं एक टोक सुटलं होतं. साफ दिसत होतं. टोक हलत होतं. मला आमची गादी दिसली, रस्त्यावर, नलूचा तवा तिच्यावर पालथा.

तेवढ्यात नलू पुढे झाली आणि थर्माकोलच्या झाकणाने बापदेवाला वारा घालायला लागली.

"हे काय करतेस?" काका म्हणाले.

"देवाला उकडतंय काका. किती धूर झालाय बघा."

"कौल लावलाय तिथं वारा घालत न्हायत."

"असं कोणी सांगितलंय? तुमच्या बापाच्या वक्ताला कोणी घातला होता का?"

काका विचारात पडले. त्यांना आठवेना. झाकण वर-खाली होत होतं, गाभाऱ्यात बांगड्याचा वास भरत होता, आणि नलू उजव्या खांद्याकडे जरा जास्तच सरकली होती. उजवी पाकळी थरथरली, सुटली आणि खाली पडली.

पाहुण्यांनी हात जोडले. त्यांना बघून साहेबांनीही जोडले, मग आपण काय केलं ते कळून हात खिशात घातले.

"ठेव म्हणतोय," काका म्हणाले, नलूकडे न बघता.

साहेब पेटीवर वाकले आणि काट्याकडे बघत राहिले. काटा हिरव्याच्या बरोब्बर मध्ये. त्यांना एसीचं बिल आठवलं असावं. मग म्हणाले, "इथेच राहू दे पेटी. पावसाळा लागेपर्यंत. पण आज पाहुण्यांना एक तरी पाहिजे."

"विचारावं लागंल," काका म्हणाले आणि पाकळ्या भिजवायला लागले. "अनंता, ये पुढं. आता दर वेळी तूच विचारायचं."

मी पुढे झालो. पाच मिनिटांपूर्वी मला साहेबांची भीती वाटत होती. आता समोर बापदेव होता, त्याच्या खांद्यावरून बायकोने माझ्यासाठी कौल पाडला होता, आणि तो दगडी डोळ्यांनी सरळ माझ्याकडेच बघत होता. मी मनात म्हटलं, देवा, माझं काही नाही, ती तशीच आहे.

मागे नलूने झाकण परत उचललं.

"नलू," मी म्हटलं, "खाली ठेव."

"उकडतंय," ती म्हणाली.