टोकाचा रंग

"काका, माल एक नंबर आला. पण रंग ओला होता न तुमचा. चिंधी चिकटली त्याले," अकोल्याहून रजत फोनवर सांगत होता.

"ओला?" चंद्रभानला ते झोंबलेच. "अरे, दोन दिवस सुकू देतो मी. तुहीच हवा दमट असंल."

रजत बँकेत नोकरीला आणि रविवारी घरच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, चिमुकली वाफेची इंजिने बनवणारा. बिचारा हसून गप्प बसला. चंद्रभान मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत चाळीस वर्षे पंप दुरुस्त केलेला माणूस. आता धंदा थांबवला, पण घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये लेथ होते आणि भंगारात जाता जाता वाचवलेले पंपांचे फिरते दांडे, म्हणजे शाफ्ट, पितळी सळया, असा ढीगभर माल होता. असाच छंद असलेल्या साठेक जणांचा मोबाइलवर 'उरलंसुरलं' नावाचा ग्रुप होता. ज्याच्याकडे जास्तीचे, त्याने द्यायचे. ज्याला हवे, त्याने फक्त टपालखर्च सोसायचा.

आता पोलादाचे दोन तुकडे शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच. एक कडक, भार सोसणारा, दुसरा नरम, वाकणारा. म्हणून ग्रुपचा नियम होता, टोकाला रंग लावायचा. कडकाला निळा, नरमाला काळा. हा नियम चंद्रभाननेच घालून दिलेला. पुण्याच्या एका पठ्ठ्याने बिनरंगाचा तुकडा पाठवला, तर याने त्याला ग्रुपवर सगळ्यांदेखत धुतला होता. "चंद्रभान काकांचा रंग म्हणजे तपासायचं काम नाही," असे लोक म्हणत, आणि ते ऐकले की स्वारी दिवसभर खुशीत असे.

त्या माणसाच्या रंगाला ओला म्हणायचे? दोन दिवस तो ते मनात घोळवत राहिला. रंग आपण रविवारी लावला, पार्सल मंगळवारी गेले. मग मधे ब्रश फिरवला कोणी? पार्सल बांधायचे काम बायकोचे. उरलेल्या पीव्हीसी पाइपात तुकडा घालायचा, जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासायच्या, दोन्ही टोकांना झाकणे. छाया ते इतके घट्ट बांधायची की पोस्टातले लोकही तिला मानत.

पुढच्या मंगळवारी तो म्हणाला, "वर्धेले जाऊन येतो, बेअरिंग पाह्याचं हाये." निघाला, कडुनिंबाला वळसा घातला आणि मागच्या बाजूने चोरासारखा शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

छाया स्टुलावर बसली होती. टर्पेंटाइनच्या फडक्याने तिने तुकड्याचे टोक पुसले आणि दुसऱ्या डब्यात ब्रश बुडवला.

"काय करून राह्यली?"

ती दचकली नाही. हातातले काम पुरे करून म्हणाली, "काळा लागलता. निळा पाह्यजे होता."

"निळाच लावला म्या."

"तुमी कापता कापता बोलता न. 'हे शाफ्ट हाये, कडक हाये, याले निळा,' असं म्हंता अन् ब्रश काळ्यात घालता."

चंद्रभान खाली बसला. होळीपासून शेडमधला बल्ब त्याने दोनदा बदलला होता. उजेडच कमी पडतो, असे त्याला वाटत होते.

"कधीपासून?"

"मले अखाजीले समजलं. तवापासून पाहून राह्यली मी."

"काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी शेडले कुलूप लावलं असतं," ती म्हणाली. "मंग दिवसभर घरात बसून माह्या भाजीत मीठ कमी हाये म्हनले असते."

एरवी तो हसला असता. "अन् अखाजीच्या आंधी गेलेले?"

छायाने फडके घडी करून ठेवले.

त्याने आठवून पाहिले. होळीनंतर अक्षय तृतीयेपर्यंत तीन पार्सले गेली होती. तिघेही त्याच्या शब्दावर विसंबून बसलेले.

"ग्रुपवर सांगतो," तो म्हणाला.

"राहू द्या. त्या तिघाइले फोन करा फक्त. बाकीच्याइले कायले?"

"अवं, रंग पाहून मानूस मशीनवर तुकडा चढवते. जोर पडला अन् वाकून उडाला त तोंडावर येते. ज्याइनं पुढं कोनाले देला असंल, त्याचं काय?" त्याला फार वाईट वाटत होते. इतक्या वर्षांत कमावलेले एवढेच तर होते.

त्याने मोबाइल तोंडाशी धरला. "मी चंद्रभान बोलून राह्यलो. होळीनंतर माह्याकडून ज्याइले निळा, काळा माल गेला, त्याइनं तो ग्राइंडरवर धरून ठिनग्या पाहा. ठिनगी फुलझडीसारखी फुटली त कडक. माह्या डोयाले आता निळा अन् काळा येगळा दिसत नाई. चूक माही हाये."

संध्याकाळपर्यंत दोघांचा माल बरोबर निघाला. तिसरा नागपूरचा साहिल. त्याचा निळा तुकडा नरम निघाला. "पुढच्या हप्त्यात याचाच शाफ्ट बनवनार होतो काका, वाचलो," असे त्याने कळवले. पुण्याच्या पठ्ठ्यानेही लिहिले, "काका, आपली फिट्टंफाट झाली." चंद्रभान कधी नव्हे तो स्वतःवर हसला. पण धाकधूक होती. आता कोण मागणार आपल्याकडे?

त्याच आठवड्यात छायाने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. मागचा पडदा झिजलाय, गेलेले परत येणार नाही, आहे ते टिकवू, असे डॉक्टर म्हणाले. परतताना दोघांनी स्टँडवर गरम आलूबोंडे खाल्ले.

घरी पोचत नाहीत तोच साहिलचा फोन. "काका, तसाच कडक तुकडा पाठवा न. तुमच्याकडूनच पाह्यजे. फक्त रंग काकूले लावू द्या."

चंद्रभानने शाफ्ट काढला. ग्राइंडरवर धरला, ठिणग्या फुटल्या. कापला, हातात तोलला. "कडक हाये," तो म्हणाला आणि तुकडा बायकोसमोर धरला. छायाने ब्रश फिरवला.

"कोनता लावला?"

"निळा."

त्याने टोक खिडकीपाशी नेऊन पाहिले. त्याला ते काळेच दिसले. मग पार्सलात घालायची चिठ्ठी त्याने मांडीवर घेतली आणि लिहिले, निळा.