अजानच्या वेळचं बटण

‘तुमचं लिनक्स बिघडलं’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिघडवतात माणसं आणि नाव लिनक्सचं! माझा मित्र असलम याचा तसाच फोन आला तेव्हाही मी फणफणतच महाळुंग्याहून पौडला गेलो.

असलमची बहीण रुही जन्मापासून अंध. पडद्यावरचं वाचून दाखवणारा कॉम्प्युटर मीच तिला लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून बसवून दिला होता. परवा तिची कॉम्प्युटर ऑपरेटरच्या नोकरीची परीक्षा, आणि कालपासून कॉम्प्युटर मुका. आवाज नाही म्हणजे तिच्यासाठी कॉम्प्युटरच नाही.

मी तारा तपासल्या, स्पीकर बदलले, आवाजाचा ड्रायव्हर-प्रोग्रॅम पुन्हा टाकला. मुख्य आवाज शंभरावर, तरी ढिम्म. दोन तास गेले. रुही शेजारीच बसून होती. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

तेवढ्यात अजान सुरू झाली. असलमची आई, बीबीजानचाची, लगबगीने आतून आल्या आणि त्यांनी कीबोर्डवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं.

“चाची, हे काय?”

अजान संपेपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग बटण पुन्हा दाबून म्हणाल्या, “अजानच्या वक्ताला आमी घरात कायबी वाजवत न्हाई. आधी मी वायरच काढायची. परवा फोनवर तूच वरडलास, म्हणून कालपासनं बटन. संपली की परत दाबते की!”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी आवाजांची सगळी यादी उघडली. बटण एकदा दाबलं की सगळं बंद व्हायचं. पुन्हा दाबलं की मुख्य आवाज तेवढा उघडायचा, स्पीकर बंदच. टाकीचा कॉक सोडलाय, पण मोरीतला नळ बंद, तसं. चूक माझ्या लाडक्या लिनक्सची होती. मी ती मुकाट्याने कबूल केली.

स्पीकर उघडला. कॉम्प्युटर बोलायला लागला तशी रुही खुदकन हसली. मग लगेच म्हणाली, “आवाज गेल्यावर मी काय करायचं, ते शिकवा.”

“तेव्हा तुला काहीच ऐकू येणार नाही.”

“बोटं हायेत की.”

मी तिला स्पीकर उघडायची एका ओळीची कमांड पाठ करून दिली आणि स्पीकर मुद्दाम बंद केला. तिने टाइप केलं. काहीच नाही, एक अक्षर चुकलं होतं. मी सांगणार तोच तिने हात वर करून मला गप्प केलं. पुन्हा टाइप केलं. कॉम्प्युटर बोलला.

मी चहाची वाट बघत ऐसपैस बसलो.

“शैलेशदादा, आता तुमी निघा,” रुही म्हणाली. “मला सराव करायचाय.”

कुणी घराबाहेर काढल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.