मळवलीच्या बंगल्यातली मुलगी

पळवून आणलेली छोटी मुलगी मळवलीतल्या एका बंगल्यात ठेवली आहे आणि आज तिला तिथून हलवणार आहेत, अशी खबर लागली. उपनिरीक्षक शलोमी उजागरे आणि तिचा जोडीदार प्रज्ञेश कुमक येण्याआधीच भर दुपारी तिथे जाऊन थडकले. फाटकातून आत शिरताच बंगल्यातून अपहरणकर्त्याची गोळी सुटली आणि प्रज्ञेश पोट धरून खाली कोसळला.

फोनवर ॲम्ब्युलन्स मागवत शलोमीने त्याच्या जखमेवर रुमाल दाबून धरला. तिचा त्याच्यावर जीव होता, पण पास्टर वडिलांच्या धाकाने तिने ते कधी ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

"मला सोड," तो म्हणाला. "मागच्या दाराने पळेल तो. पोरीला सोडव, जा."

"तुला असं टाकून?"

"जा म्हणतोय ना!"

"प्रभू, याला सांभाळ," असं पुटपुटत ती धावली. बंगल्यामागे भातखाचरांच्या बांधावरून अपहरणकर्ता मुलीला फरफटत नेत होता. शलोमीची गोळी त्याच्या मांडीत बसली. चिखलात पडून तो हात जोडू लागला. आणखी एक गोळी झाडावी, असं तिला फार वाटलं. पण मुलगी बघत होती. शलोमीने त्याला बेड्या ठोकल्या आणि मुलीला कडेवर घेऊन ती फाटकाकडे पळत सुटली.

प्रज्ञेशचा श्वास थांबला होता. मुलीचं तोंड खांद्यात दडवून शलोमीने त्याचे उघडे डोळे मिटले. प्रार्थनेला शब्द सापडेनात, तेव्हा ती नुसतीच त्याचा हात धरून बसून राहिली.