पोटुशी खूण

आत्याबाईंनी सुरावटीचा कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचं डोकंच फिरलं. गंधाराआधीची कोमलची खूण पांढऱ्या रंगानं बुजवलेली! एका ठिकाणची नाही, झाडून सगळ्या. ती खूण म्हणजे ताठ कणा आणि पुढे आलेलं पोट, म्हणून बँडमध्ये तिला 'पोटुशी' म्हणत. ती दिसली की सूर अर्धी पायरी खाली घ्यायचा.

"हा चुना कुणी फासला?"

"मी, आत्या," भाचा म्हणाला. बँडचा नवा मास्तर तो. "स्पर्धेत रडकी चाल कोण ऐकणार? गंधार चढवला की बघ कशी टवटवीत होते!"

"रडकी? तुझा बाप ही वाजवताना मिशीतल्या मिशीत हसायचा. चाल त्याची आहे. तू नुसती काठी हलवतोस."

"बाबा गेले. आता बँड मला चालवायचाय."

"मग चालव की! बापाला कशाला घराबाहेर काढतोस?"

ढोलवाला उगाच खोकला. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत बसले. तालीम चढ्या गंधारावरच झाली. आत्याबाईंनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं ते शेवटपर्यंत उचललं नाही.

स्पर्धेत मात्र बँडच्या पहिल्या रांगेतली आपली खुर्ची त्यांनी सोडली नाही. गंधार आला. सगळा बँड वर, आत्याबाई एकट्या खाली! दोन सूर एकमेकांना असे चावले की समोर ऐकायला बसलेल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले. भाच्यानं डोळे वटारले. आत्याबाईंनी आणखी जीव एकवटून फुंकलं. चालीच्या दुसऱ्या फेरीला ट्रम्पेटवाला डळमळला आणि खाली आला. तिसऱ्या फेरीला भाच्यानं आत्याकडे पाहिलं. म्हातारीच्या कपाळाची शीर तटतटलेली, नजर मात्र जागची हलत नव्हती. त्याचा डावा हात, अगदी बापासारखा, तळवा जमिनीकडे करून हळूच उतरला. अख्खा बँड खाली आला.

बक्षीस अर्थातच गेलं.

"झालं समाधान?" वाद्यांच्या पेट्या गाडीत चढवताना भाचा फणकारला.

"हात कुणी खाली केला? मी?"

तो गाडीत चढून पेट्यांशेजारी बसला.

"ह्याच सुरापायी निम्मा बँड तुझ्या बापाला सोडून गेला होता. त्यानं माणसं जाऊ दिली, सूर नाही." आत्याबाईंनी कागदांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर आदळला. "घे पेन. प्रत्येक पोटुशी परत काढ. आणि पोट चांगलं भरलेलं काढ, उपाशी नको."