खोलीतला सहावा

त्या शहराला पसरायला जागाच नव्हती. पाठीशी डोंगर, पुढ्यात समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं नुसती खच्चून भरलेली. म्हणून पालिकेने नियम काढला: एका खोलीत पाचच. सहावा सापडला तर खोली गेली. आणि ज्याला खोलीच नाही, त्याची रवानगी खाडीपलीकडच्या निवाऱ्यात. तिथून परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शिंप्याच्या घरात गेल्या महिन्यापर्यंत सगळं बरोब्बर होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि तो. मग सुनेला तिसरं झालं. म्हाताऱ्याला कोण आनंद! मशीनवरून उठायला तयार नाही, झबल्यांवर झबली शिवतोय. ते मशीन आणि त्याचं अंथरूण ज्या कोपऱ्यात होतं, त्या कोपऱ्यावर आता घराचा डोळा आहे, हे त्या भोळसट माणसाच्या डोक्यातही आलं नाही.

पालिकेच्या मोजणीच्या दिवशी सकाळीच मुलगा म्हणाला, "अण्णा, आज तेवढं समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसा. मोजणीवाला गेला की मी स्वतः न्यायला येतो."

"आणि पाणी चढलं तर?"

"संध्याकाळपर्यंत नाही चढत. मी बंदरावर काम करतो ना?"

झालं. म्हाताऱ्याने मुकाट्याने चपला घातल्या. पोराच्या शब्दाबाहेर तो कधी नव्हता. बायको गेल्यापासून तर नाहीच.

दुपार व्हायच्या आतच पाणी चढलं. आधी पावलांना लागलं, मग गुडघ्यांना. मेलं हे वय, धड पळताही येईना. धडपडत, खरचटत तो कसाबसा काठाला लागला आणि ओलाचिंब घरी आला. दार उघडंच होतं. आत मोजणीवाला चहा पीत बसला होता.

"हे कोण?" त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने भिंतीकडे.

"कोण जाणे," मुलगा म्हणाला. "पत्ता चुकलेले दिसतात. कुठे राहता, आजोबा?"

आजोबा! ज्याने बोट धरून चालायला शिकवलं, त्याला आजोबा! म्हाताऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण एक शब्द बोलला असता, तर तान्ह्या बाळासकट सगळे निवाऱ्यात. थोरली नात तोंड उघडणार, एवढ्यात सुनेने तिला जवळ ओढलं.

"चुकलोच," म्हातारा म्हणाला. "माफ करा."

मोजणीवाला मनाने वाईट नव्हता. त्याने म्हाताऱ्याला हाताला धरून धक्क्यावर नेलं, निवाऱ्याच्या बोटीत बसवलं आणि पुढच्या गल्लीत मोजायला गेला.

बोटीत म्हातारा स्वतःचीच समजूत घालत राहिला. पोरगं घाबरलं, दुसरं काय करणार बिचारं? येईल, काहीतरी खटपट करून सोडवेल. आणि खरंच, मुलगा धावत आला! म्हातारा उठून उभा राहिला. मुलाने त्याच्या हातात एक गाठोडं दिलं, "जपून राहा, अण्णा" म्हणाला आणि मागे वळून न पाहता गेला.

बोट सुटल्यावर म्हाताऱ्याने गाठ सोडली. त्याचे सगळे कपडे होते. निवाऱ्यात कपडे एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येकावर नाव हवं असतं. सदरे, लेंगे, स्वेटर, रुमालसुद्धा, सगळ्यांवर त्याचं नाव दोऱ्याने भरलेलं होतं. टाका सुनेचा, त्यानेच तिला शिकवलेला. हाताने एवढं भरायला निदान आठवडा लागतो, हे शिंप्याला कुणी सांगायला नको होतं.